फुलाबाईचा काळा

“ही न्हवं,” सोनबांनी फोटो काउंटरवर पालथा घातला. “ही आमची घोंगडी न्हवं, भानुदासराव.”

भानुदासने फोटो उताणा केला, चष्मा कपाळावर नेला आणि पुन्हा खाली आणला. घोंगडीच होती. म्हाताऱ्याने ती धुवट धोतरात गुंडाळून, तान्हं पोर आणावं तशी छातीशी धरून स्टुडिओत आणली होती. धबधब्याच्या रंगीत पडद्यावर टांगून भानुदासनेच तिचा फोटो काढला होता.

“आबा, तुमचीच हाय. इंदापुरात माणसं सोताचा फोटो काढाय येत्यात. घोंगडीचा काढाय आलेलं तुमी पहिलंच. अदलाबदल व्हईल कशी?”

“मग हिला राख कुनी फासली?”

भानुदासने फोटो दिव्याखाली धरला. फोटोतली घोंगडी खरंच राखेच्या रंगाची दिसत होती, चुलीपुढे वापरून वापरून विटलेली. पहिल्यांदा फोटो आला तेव्हाही असाच आला होता. ‘काळा रंग काळाच ठेवा’ असा निरोप देऊन त्याने तो बारामतीच्या कलर लॅबला परत पाठवला, तर दुसऱ्या खेपेला डांबराचा डाग आला. ना धागा, ना वीण. तिसऱ्या खेपेला पुन्हा राख. फोन केला तर लॅबवाला म्हणाला, “आमी काय करत न्हाय ओ, मशीन आपोआप करतं.”

फोटोच्या धंद्यात भानुदासचे केस पांढरे झाले होते. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचा स्टुडिओ. दारात आरसा, आरशाखाली कंगवा आणि पावडरचा डबा. कंगव्याचे दात पडत, डबा मात्र दर महिन्याला नवा आणावा लागे. कारण या दारातून आत येणारं प्रत्येक माणूस, मग ते माळेगावच्या कारखान्यातलं असो की कॉलेजातलं, एकच गोष्ट सांगे: “जरा उजळ काढा.” स्थळाला दाखवायच्या पोरींच्या आया तर कानाशी लागून सांगत. भानुदास काढायचा. दिवे पुढे सरकवायचा, पावडर लावायला सांगायचा, लॅबला बजावायचा. तालुक्यात त्याचं नाव होतं ते त्याचसाठी. सावळी पोर त्याच्या स्टुडिओतून गव्हाळ होऊन बाहेर पडे. आणि आता हा म्हातारा त्याच्यापुढे उभा राहून काळ्याला काळं काढा म्हणत होता, आणि तेवढंच नेमकं त्याला जमत नव्हतं. मनातून तो चरफडला होता.

“आबा, एवढं काय हाय त्या काळ्यात?” त्याने विचारलं. “घोंगडी तर घरात हायच की. फोटो कशाला लागतोय?”

सोनबा बाकावर टेकले. खांद्यावरची जुनी घोंगडी त्यांनी मांडीवर घेतली.

“परवा आयतवार. आयतवारी ती बिरुबाला घालायची. एकदा देवाच्या अंगावर गेली की घरला येत न्हाय. भंडाऱ्यानं पिवळी व्हती. मग तिचा काळा कुनाला दिसायचा?”

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. नात वैष्णवी जन्मली ती मुठीएवढी. डॉक्टरनेही मान हलवली. तेव्हा सोनबांच्या बायकोने, फुलाबाईने, देवाला बोलून ठेवलं की पोर जगू दे, मी माझ्या हाताने कातलेल्या जावळाची घोंगडी तुला घालीन. जावळ म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर. एका कोकराची मूठभर निघते, आणि तिच्यासारखा मऊ, गडद काळा मेंढराला पुन्हा कधी येत नाही. मेंढरं तरी राहिली होती किती? रानात कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला, पोरगा दादासो कारखान्यावर नोकरीला लागला, कळप विकला. घरी ठेवलेल्या चार मेंढ्यांच्या कोकरांच्या जावळावर फुलाबाई वर्षानुवर्षं कातत बसली. त्यातला तांबूस केस दिसला की चिमटीने वेचून टाकायची. नात शाळेत जायला लागली तरी म्हातारी कातत होती. थंडीत सूत पुरं झालं आणि थंडीतच ती गेली. मग सोनबांनी बंद पडलेल्या मागाच्या खड्ड्यातली माती उपसली आणि घोंगडी विणली.

“तिचा फोटो न्हाय?” भानुदासने विचारलं.

“न्हाय. दादासोच्या लग्नात ती वाढप्यांच्या मागं. मतदानाच्या कार्डाचा फोटूवाला आला, तवा ही मेंढरामागं. मी म्हनायचो, अगं एक काढून ठिवू. तर म्हनायची, कशाला? मी काय कुठं चाललीया? हितंच हाय की.”

सोनबा हसले, आणि हसता हसता त्यांनी घोंगडीच्या टोकाने तोंड पुसलं.

“सुताची एक लड तरी बाजूला ठेवायची, आबा.”

“देवाला बोललेलं हाय. त्यातला दोरा बी ठेवायचा न्हाय.”

आतल्या खोलीत भानुदासचा भाचा संघपाल जेवत होता. तो पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता आणि सुट्टीला मामाकडे आला होता. हात धुऊन बाहेर आला आणि म्हणाला, “मामा, माझ्याकडच्या कॅमेऱ्याने बघायचं का? त्याला लॅबच लागत नाही.”

कॅमेरा कंपनीचा होता, सोमवारी परत करायचा होता. त्याला रोल नव्हता. पाठीमागे काडेपेटीएवढी काच होती आणि काढलेला फोटो त्या काचेत लगेच दिसे. आदल्या संध्याकाळी संघपालने मामाला तो दाखवला होता. भानुदासने मान डोलावली होती, चहा संपवला होता आणि रात्रभर त्याला नीट झोप लागली नव्हती. रोल भरायचा, मोजून काढायचा, बारामतीला पाठवायचा, मग कुणाचे डोळे मिटलेत, कुणाचं मुंडकं कापलंय हे तिसऱ्या दिवशी कळायचं. तोवर नवरानवरी सासरी जाऊन नांदायलाही लागलेली असायची. आयुष्य असं वाट पाहण्यात गेलं, आणि ही वीतभर वस्तू म्हणते, घ्या, हा बघा.

“उद्या सकाळी येतो, आबा,” तो म्हणाला. “ह्या बारीला लॅबचं नाव न्हाय.”

शनिवारी सकाळी मामा-भाचे एम-एटीवर बसून निघाले. बारामती रस्त्याने लासुर्णे ओलांडलं, कॅनॉलवरून डावीकडे वळले. दोन्ही अंगाला ऊस, आणि ऊस संपला की एकदम उघडा माळ. माळाच्या तोंडाशी सोनबांची वस्ती. अंगणात लिंबापासून गोठ्याच्या मेढीपर्यंत दोरी बांधून म्हाताऱ्याने घोंगडी आधीच टांगून ठेवली होती.

स्टुडिओच्या दिव्यात भानुदासने ती पाहिली होती, पण उन्हात आज पहिल्यांदा बघत होता. तो गाडी स्टँडवर लावायची विसरला. काळा म्हणजे नुसता काळा नव्हता. वारा आला की त्यातून उजेडाची बारीक लाट वरून खाली जायची आणि पुन्हा काळ्यात मुरायची. दोन्ही टोकांना पांढऱ्या लोकरीची बोटभर पट्टी होती, तिच्यामुळे तो काळा आणखीच खोल दिसत होता. असल्या रंगासाठी म्हातारा तीनदा इंदापूरला आला, यात काही नवल नाही असं त्याला वाटलं.

संघपालने कॅमेरा मामाच्या हातात दिला. भानुदासने फ्रेम घोंगडीने काठोकाठ भरली आणि बटण दाबलं.

पण फोटो दिसेना. उन्हात ती काच नुसती आरशासारखी लकाकत होती. तळहाताची सावली केली, टोपी धरली, कशाने जमेना.

“हितं या,” सोनबा म्हणाले आणि त्यांनी खांद्यावरची जुनी घोंगडी झटकून भानुदासच्या आणि स्वतःच्या डोक्यावर घेतली.

आत एकदम रात्र झाली. लोकरीचा, धुराचा, मेंढरांचा वास आला. भानुदासला त्याचे गुरू आठवले, तीन पायांच्या लाकडी कॅमेऱ्यामागे काळ्या फडक्यात डोकं घालणारे. आणि त्या अंधारात ती काच उजळली. आतमध्ये घोंगडी होती, काडेपेटीएवढी, हुबेहूब.

राखेच्या रंगाची.

“परत राख,” सोनबा अंधारात म्हणाले.

आजवर भानुदास लॅबवाल्याला शिव्या घालत होता. आता मध्ये लॅब नव्हती, मशीन नव्हतं, कुणी नव्हतं. समोर काळी घोंगडी, हातात कॅमेरा, तरीही राख. म्हणजे हिचा रंग पकडणं कुणाच्याच हातात नाही की काय?

घोंगडी बाजूला करून तो बाहेर आला. संघपालने कॅमेरा फिरवून बघितला. “मामा, हे बटण बघा. अर्धा काळा, अर्धा पांढरा चौकोन. अधिक आणि उणे. याने उजेड कमी-जास्त करता येतो.”

आता अधिक म्हटल्यावर भानुदासचा अंगठा कुठे जाणार? जन्मभर त्याने दुसरं केलंय काय? फोटो बिघडला की उजेड वाढवायचा, ही त्याची रीतच होती. त्याने अधिककडे एक टप्पा नेला, फोटो काढला, पुन्हा एक टप्पा नेला, पुन्हा काढला. मग दोघे घोंगडीत शिरले.

“अरारा,” सोनबा म्हणाले. “आता तर धुऊन वाळत घातली. धुकं पडल्यागत दिसतंय.”

खरंच धुकं होतं. पांढरी पट्टी तर वितळून आभाळात मिसळली होती. संघपालही वाकून आत डोकावला. सोनबांची सून तांब्यात पाणी घेऊन आली होती, ती हे तीन डोक्यांचं घोंगडं बघून पदराआड हसत परत गेली.

“थांबा, पुस्तकात बघतो,” म्हणून संघपालने बॅगेतून कॅमेऱ्याचं माहितीपत्रक काढलं आणि लिंबाखाली बसून वाचायला लागला. जरा वेळाने त्याने मान वर केली. “मामा, गंमत आहे. कॅमेऱ्याला वाटतं, सगळं जग राखाडीच आहे. समोर पांढरं आलं की तो म्हणतो, हे फार उजळ झालं, आणि मळकट करतो. काळं आलं की म्हणतो, हे अंधारात राहिलं, आणि उजळ करतो. त्याच्याकडे काळ्या-पांढऱ्याचा विचारच नाही. ते माणसाने सांगायचं. पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे.”

“काळ्याला उणे?” भानुदासने पुन्हा विचारलं.

“असं लिहिलंय.”

“आरं, मग डांबर व्हईल. लॅबनं न्हाय का एकदा केलं?”

“करून तर बघा,” सोनबा म्हणाले. “डांबर झालं तर झालं. हितं कुटं रोल जळतोय?”

भानुदासचा अंगठा त्या बटणावर रेंगाळला. काळ्यातून आणखी उजेड काढून घ्यायचा ही गोष्टच त्याच्या हाताला ठाऊक नव्हती. त्याला एकदम आठवल्या त्या सगळ्या पोरी, पावडर लावून त्याच्या दिव्यापुढे बसलेल्या. त्या यंत्रासारखाच तोही काळं दिसलं की उजळ करत आला होता. यंत्राला निदान कुणी सांगितलं नव्हतं. त्याला मात्र आरशात रोज स्वतःचा सावळा चेहरा दिसत होता. लाज वाटली म्हणावं तर तसंही नाही. नवल वाटलं. एवढी साधी गोष्ट इतकी वर्षं हाताखालून गेली आणि आपल्याला दिसली नाही याचं नवल.

त्याने उणेकडे एक टप्पा नेला. फोटो काढला. आणखी एक नेला. श्वास धरून पुन्हा काढला.

“या आबा,” तो म्हणाला.

दोघे पुन्हा अंधारात गेले. काच उजळली, पहिला फोटो आला. राख उतरली होती. भानुदासने पुढचं बटण दाबलं.

आणि तो काळा आला.

बाहेर दोरीवर लोंबत होता तोच, तेवढाच खोल, तेवढाच मऊ. डांबर नव्हतं. प्रत्येक धाग्याच्या कडेवर उन्हाची एक बारीक रेघ होती आणि दोन रेघांच्या मध्ये जावळाची गडद रात्र. पांढरी पट्टी दुधासारखी स्वच्छ उमटली होती. भानुदासच्या अंगावर काटा आला. हजारो फोटो त्याने काढले होते, पण आपल्या हातून काहीतरी जन्माला आलं असं त्याला कधी वाटलं नव्हतं. ते त्या लोकरीच्या वासाच्या काळोखात, गुडघे मोडून बसलेला असताना वाटलं. डोळे भरले, आणि आत कुणाला दिसत नाही म्हणून त्याने ते भरू दिले.

सोनबांचं जाड बोट हळूच पुढे आलं आणि काचेपासून तांदूळभर अंतरावर थांबलं.

“ह्यो बघा. हितं दोरा जाड झालाय. दिसतोय नव्हं?”

“दिसतोय, आबा.”

“शेवटी शेवटी तिच्या मनगटात कळ यायची. कळ आली की दोरा जाड व्हायचा. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे आता. तर म्हनली, देव काय हात लावून बघतुया व्हय?” ते थांबले. “देव न्हाय बघत. मी बघतो की.”

बाहेर कोंबड्या ओरडत होत्या, सून कुणाला तरी हाक मारत होती.

“भानुदासराव,” सोनबा शेवटी म्हणाले, “तुमी उजेड कमी केला, आन ती जास्त दिसाया लागली. आसं कसं वो?”

“मला बी न्हाय कळत, आबा,” भानुदास म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं. पुस्तकातलं कारण त्याला आता पाठ झालं होतं, पण म्हाताऱ्याने विचारलं होतं ते पुस्तकात नव्हतं.

रविवारी घोंगडी देवाला गेली. सोनबांनी ती स्वतःच्या हाताने घातली, वैष्णवीने पहिली मूठ भंडारा उधळला आणि माळावरच्या ढोलांच्या आवाजात बघता बघता सगळा काळा पिवळा होऊन गेला. सोनबा नंतर कुणालातरी म्हणाले की बोललेलं पुरं झालं, आता झोप लागंल.

संघपालने पुण्याहून फोटो पाठवला तो गुळगुळीत कागदावर, पाटीएवढा मोठा. भानुदासने तो आधी दारात उन्हात धरून पाहिला. धागा होता, वीण होती, पट्टी दुधासारखी होती. मग त्याने स्वतः फ्रेम केली, काच पुसली, वर्तमानपत्रात गुंडाळून वस्तीवर नेऊन दिली. म्हातारा आनंदाने काही बोलेल असं त्याला वाटलं होतं. सोनबांनी फ्रेम घेतली, छातीशी धरली आणि आत निघून गेले. चहा सुनेनेच दिला.

त्यानंतर उन्हाळ्यात पलीकडच्या वस्तीवर एक लग्न होतं. फोटो काढून झाले. नवरी सावळी होती. तिच्या आईने कानाशी लागून नेहमीचं सांगितलं, आणि भानुदास नुसता “बघतो” म्हणाला. परतताना त्याने गाडी सोनबांच्या अंगणात वळवली.

सोनबा आतल्या घरात होते. भिंतीवर, माणसांचे फोटो लावतात त्या उंचीवर, ती फ्रेम होती. काचेला वर मधोमध कुंकवाचं बोट लावलेलं. खाली शेवंतीचा हार. नवखा माणूस आत आला असता तर त्याला वाटलं असतं, फोटो जळालाय आणि घरच्यांना कळलेलं नाही.

दारातून ऊन आत येत होतं आणि काच लकाकत होती. भानुदासमधला फोटोवाला लगेच जागा झाला.

“आबा, काच लई चमकतीया. आतलं नीट दिसत न्हाय. बिनचमकीची काच मिळती बारामतीला. बदलून देऊ का?”

“नगं, नगं.” सोनबा घाईने म्हणाले, जणू हा आत्ताच काढून नेतो की काय. “ती ऱ्हाऊ द्या. तिच्यात माजं त्वांड दिसतं.”

“तेच म्हणतोय मी, आबा.”

“आवो, तसं न्हवं. सकाळी हार घालाय हुबा ऱ्हायलो की ती बी दिसती आन मी बी दिसतो. काळ्यात कसं साफ दिसतं बघा.” ते फ्रेमपुढे जाऊन उभे राहिले, पटका सारखा केला, आणि स्टुडिओत आलेलं माणूस बसतं तसे ताठ झाले. “दोघांचा फोटू कधी निघाला न्हवता आमचा.”

काचेत म्हाताऱ्याचा चेहरा उमटला होता, आणि त्याच्यामागे, त्याच्यातून, फुलाबाईचा एकेक धागा.

भानुदासचं डोकंही काठाशी आलं होतं. ते काचेत येऊ नये म्हणून तो हळूच बाजूला सरला.